भावनगरची ऋणमुक्ती
१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगा केला. त्या दंग्यांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. कागद जळाले, पण ऋणाचा प्रश्न तसाच राहिला.

अर्धशतकानंतर काठेवाडातील भावनगर संस्थानाने या प्रश्नाला निराळी वाट काढली. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले होते. व्याजाने फुगलेले रोखे सावकाराच्या पेटीत होते, पण त्यांची फेड होईल एवढे मोल शेतकऱ्याच्या पिकाला उरले नव्हते. सर प्रभाशंकर पट्टणी यांच्या कारभारात दरबाराने मध्यस्थी केली. सावकारांची एकूण मागणी सुमारे ८६ लाख रुपयांची होती. तडजोड सुमारे २० लाखांवर झाली. ही रक्कम दरबाराने चुकती केली आणि शेतकऱ्यांकडून ती हप्त्यांनी घेण्याचे ठरविले.

चौथाईहूनही कमी रकमेवर सावकाराने समाधान मानले, ते केवळ औदार्याने नव्हे. फिर्याद, हुकूमनामा, जप्ती एवढे सोपस्कार करूनही निर्धनाकडून काय मिळणार, हे तो जाणून होता. अनिश्चित शंभरापेक्षा हातातले पंचवीस त्याला बरे वाटले.

अशा तडजोडीला आधी रोकड लागते, आणि ऋणकोपाशी नेमकी तीच नसते. भावनगरला ती उणीव दरबाराच्या खजिन्याने भरून काढली. पुढील पेरणीस भांडवल कोण देणार, हा प्रश्न मात्र ऋणमुक्त शेतकऱ्यापुढे उभाच राहतो.