‘लाखेचा रंग’ : एका षष्ठीचे दोन अर्थ

कारागिरांचा इतिहास लिहिताना अपरिचित शब्दांपेक्षा परिचित शब्दच अभ्यासकाला अधिक फसवितात. ‘लाखेचा रंग’ हा असाच एक प्रयोग होय. त्यातील षष्ठीचे दोन अर्थ संभवतात : लाखेपासून निघणारा रंग आणि लाखेत घालावयाचा रंग. हे दोन पदार्थ सर्वस्वी भिन्न असून त्यांचे कारागीर, बाजार व इतिहासही निराळे आहेत. जुन्या नोंदी वाचताना हा भेद कसा ओळखावा, याचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

संस्कृत ‘लाक्षा’, प्राकृत ‘लक्खा’ व मराठी ‘लाख’ हा व्युत्पत्तिक्रम सरळ आहे. अथर्ववेदाच्या पाचव्या कांडातील पाचवे सूक्त लाक्षेला उद्देशून आहे. म्हणजे या द्रव्याची ओळख फार जुनी. पळस, कुसुम, बोर इत्यादी झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर एक सूक्ष्म कीटक जे कवच निर्माण करतो ती लाख. पूर्व विदर्भातील जंगलपट्ट्यात ही झाडे विपुल आहेत. या कवचात दोन द्रव्ये एकत्र असतात : पाण्यात विरघळणारा तांबडा रंग आणि पाण्यात न विरघळणारी राळ. भाषेने मात्र दोहोंना एकच नाव दिले. ‘लाखी’ हे विशेषण तांबड्या रंगाकडे गेले; ‘लाख’ हे नाम मुख्यतः राळेकडे राहिले. ‘अलक्तका’पासून आलेला ‘अळिता’ हाही त्या रंगाचाच वारस. युरोपीय भाषांतही हीच गत झाली. इंग्रजीत ‘लेक’ हे रंगद्रव्याचे नाव ठरले आणि ‘लॅकर’ हे रोगणाचे. मूळ शब्द मात्र एकच.

आता कारागिराच्या बाजूने पाहू. फांदीवरून खरवडलेली लाख कुटून पाण्यात धुतात, तेव्हा तांबडा रंग पाण्याबरोबर निघून जातो. उरलेले दाणे कापडी पिशवीत भरून विस्तवाच्या आचेवर पिळून गाळले म्हणजे चपडा तयार होतो. अर्थात लाख बांगड्या करणाराच्या हाती येते तेव्हा तिचा स्वतःचा तांबडेपणा बहुतांशी गेलेला असतो आणि मधासारखी पिवळसर छटा शिल्लक राहते. लाल बांगडी करावयाची तर तांबडा रंग बाहेरून आणावा लागतो. रसेल व हिरालाल यांच्या मध्यप्रांतातील जातिजमातींवरील चार खंडांच्या ग्रंथात (१९१६) लखेऱ्यांच्या प्रकरणी हीच गोष्ट दिसते. तेथे चपड्यात तांबड्या रंगासाठी हिंगूळ, आणि पिवळ्यासाठी ‘आर्सेनिक’ व हळद मिसळत असल्याचे सांगितले आहे. या ‘आर्सेनिक’चा अर्थ पांढरा सोमल असा घेणे योग्य होणार नाही, पिवळा रंग देणारे सोमलयुक्त द्रव्य म्हणजे हरताळ, आणि तेच येथे अभिप्रेत असावे.

हीच द्रव्ये का निवडली गेली? लाख सुमारे ७५ ते ८० अंश सेल्सिअसला वितळते. त्या उष्णतेने हिंगूळ वा हरताळ बिघडत नाही. शिवाय ही खनिजे लाखेत विरघळत नाहीत. बारीक खलून मळली असता ती कणरूपाने सर्वत्र पसरतात आणि अपारदर्शक, भरीव रंग देतात. तिसरी अट लाखेच्या मूळ छटेची. पिवळसर राळेत निळा रंग घातला की तो हिरवटपणाकडे झुकतो, आणि शुभ्र पांढरा तर सहजी साधत नाही. तांबडा, पिवळा व काळा यांना ही अडचण फारशी येत नाही. कातारी फिरत्या लाकडावर लाखेची रंगीत कांडी दाबून धरतो, तेव्हा घर्षणाच्या उष्णतेनेच ती वितळून लाकडावर चढते. तेथेही याच अटी लागू होतात.

या निवडीची किंमत मात्र कारागिराने मोजली. हिंगुळात पारा असतो आणि हरताळात सोमल. ही द्रव्ये खलताना उडणारी धूळ श्वासावाटे त्याच्या शरीरात जात असे. पोथीतील चुकलेले अक्षर झाकण्यासाठी लेखक हरताळ वापरीत, त्यावरून ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आला. लेखकाची ही आठवण भाषेने जपली, परंतु लखेऱ्याच्या खलाची आठवण कोणत्याही वाक्प्रचारात उरली नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाजार उलटला. १८५६ मध्ये पर्किनने पहिला कृत्रिम रंग तयार केला, १८६८ मध्ये अलिझरीनही प्रयोगशाळेत सिद्ध झाले, आणि लाखेपासून निघणाऱ्या रंगाचा व्यापार बसला. धुण्याचे तांबडे पाणी फेकून देण्याची वस्तू झाली. उलट राळेला मागणी वाढली. १८९५ च्या सुमारास बर्लिनरच्या ग्रामोफोन तबकड्या लाखेच्या होऊ लागल्या. त्या तबकड्यांचा काळा रंगही लाखेचा नव्हे, तर लाखेत घातलेल्या काजळीचा. १९२४ मध्ये रांचीजवळ नामकुम येथे लाख संशोधन संस्था स्थापन झाली, ती या नव्या अर्थकारणाच्या काळात.

यावरून वाचनाचा एक निकष सुचविता येतो. नोंदीत कापड, सूत, तुरटी वा पाणी यांचा संदर्भ असेल तर ‘लाखेचा रंग’ हा लाखेपासूनचा. कोळसा, खल, बांगडी वा कातारकाम यांचा असेल तर तो लाखेत घालावयाचा. संदर्भ नसेल तेथे संपादकाने दोन्ही अर्थ नोंदवावेत.

हा भेद केवळ जुन्या कागदांपुरता नाही. आज घरच्या घरी कृत्रिम रेझिनच्या कांड्या ओतून, त्या कातून लेखण्या करणारे हौशी कारागीर आहेत. पारदर्शक छटा हवी तर विरघळणारे रंजक, भरीव वा चमकदार हवी तर अभ्रकाच्या भुकटीसारखे न विरघळणारे रंगद्रव्य, हीच निवड त्यांच्यापुढे असते. रंजक पुष्कळदा उन्हाने फिके पडते. रंगद्रव्य नीट ढवळले नाही तर तळाशी बसते. पाण्यात कालविलेला रंग पॉलियुरेथेनच्या रेझिनमध्ये गेल्यास वायू सुटून फेस होतो आणि कांडी वाया जाते. बाजारातील डबीवर मात्र नुसतेच ‘रंग’ म्हटलेले असते. ‘रंजक’ व ‘रंगद्रव्य’ ही परिभाषा मराठीत सिद्ध आहे. ती आपण काटेकोरपणे वापरू लागलो, तर इतिहासकाराचा आणि कारागिराचा, दोघांचाही घोटाळा टळेल.