चक्राकार करवत

चक्राकार करवत म्हणजे कडेला दाते असलेले गोल पोलादी पाते मोटारीने वेगाने फिरवून लाकूड, प्लायवूड इत्यादी कापणारे यंत्र होय. मेजावर बसवलेली आणि हातात धरून चालवायची असे तिचे दोन मुख्य प्रकार आहेत. येथे प्रामुख्याने दुसऱ्या प्रकाराचा विचार केला आहे.

इतिहास

इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या सॅम्युअल मिलर यांना १७७७ मध्ये मिळालेल्या पेटंटात गोल करवतीचा उल्लेख आढळतो. मात्र तो ओझरता असल्याने त्यांना जनक म्हणणे धाडसाचे ठरेल. अमेरिकेतील शेकर पंथीय टॅबिथा बॅबिट यांचेही नाव घेतले जाते, पण त्यावर अभ्यासकांचे एकमत नाही. हातात धरण्याजोगी विद्युत करवत १९२० च्या दशकात अमेरिकेत एडमंड मिशेल यांनी तयार केली.

करवत केव्हा बदलावी

यंत्र अडखळू लागले किंवा ठिणग्या उडू लागल्या, तर बहुधा मोटारीतील कार्बन ब्रश झिजलेले असतात. ते स्वस्त असून सहज बदलता येतात. तेवढ्यासाठी नवी करवत घेण्याचे कारण नाही. याउलट पात्याचा दांडा डगमगत असेल, तळपट्टी वाकली असेल किंवा पात्याचे खालचे सरकते आवरण आपोआप मिटत नसेल आणि दुरुस्ती शक्य नसेल, तर यंत्र बदलणेच योग्य. आवरणाचा दोष सर्वांत घातक, कारण कापून झाल्यावरही फिरते पाते उघडे राहते.

नव्या करवतीची निवड

सुमारे १८५ मिमी व्यासाचे पाते सरळ धरल्यास साधारण ६५ मिमी आणि ४५ अंशांत तिरके धरल्यास ४५ मिमीच्या आसपास खोल कापते. घरगुती फर्निचरास एवढे पुरते. अमेरिकेतून आणलेले १२० व्होल्टचे यंत्र भारतातील २३० व्होल्टच्या पुरवठ्यास थेट जोडल्यास मोटार जळते. बॅटरीवरील करवत घेताना घरातील ड्रिलचीच बॅटरी तिला चालत असेल, तर खर्च वाचतो.

जुनी पाती नव्या यंत्रात बसतीलच असे नाही. पात्याचा व्यास व मधल्या छिद्राचे माप जुळावे लागते, आणि पात्यावर छापलेली फेऱ्यांची कमाल मर्यादा यंत्राच्या वेगाहून कमी असता कामा नये. लाकडाच्या रेषांच्या दिशेने उभे चिरण्यास २४ दात्यांचे पाते सोयीचे. आडव्या कापासाठी व प्लायवूडसाठी ४० ते ६० दात्यांचे पाते कड स्वच्छ ठेवते.

भारतात अनेक सुतार संगमरवर व फरशी कापण्याच्या ११० मिमीच्या छोट्या कटरलाच लाकडाचे पाते लावून काम भागवतात. यंत्र हलके व स्वस्त असते हे खरे. पण त्याचा वेग मिनिटाला १२,००० फेऱ्यांच्या आसपास असतो आणि आपोआप मिटणारे आवरण सहसा नसते. पाते लाकडात अडकले की यंत्र चालवणाऱ्याच्या दिशेने उसळते, आणि बोटे किंवा मांडी कापली जाऊ शकते. त्यामुळे लाकडाचे काम नियमित असल्यास हा पर्याय टाळावा. चक्राकार करवतीतही हा धोका असतोच. कापला जाणारा तुकडा मोकळा खाली पडेल असा आधार देणे, पाते फळीच्या खाली दात्याच्या उंचीपेक्षा फारसे उतरू न देणे आणि पाते बदलण्यापूर्वी वीजजोडणी वा बॅटरी काढणे आवश्यक असते.