हाताची आज्ञा आणि यंत्राचें उत्तर

ज्युबिलीच्या वर्षीं मागें वळून पाहावें, हा ख्रिस्तसभेचा जुना प्रघात आहे. धर्मग्रामाच्या वाटचालीविषयीं इतरांनीं लिहावें; आम्हीं एका लहानशा यांत्रिक विषयाचा इतिहास सांगण्याचें योजिलें आहे. हातानें मूठ फिरवावी आणि यंत्रानें उत्तर देऊं नये, असें कां होतें व त्याचें कारण कसें शोधावें, हा तो विषय. विशेषतः नौकेच्या पाठीमागें लावावयाच्या मोटरीसंबंधीं आम्ही बोलणार आहों. समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या अंजनगांव सुर्जीच्या वाचकांस नौकेशीं काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचें उत्तर लेखाच्या ओघांत मिळेल, अशी आशा आहे.

या मुठीची ओळख आपल्या भागास प्रथम आगगाडीनें करून दिली. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीनें वऱ्हाडांतील कापसासाठीं अडीच फुटी रुळांचा मार्ग घातला. यवतमाळ, मूर्तिजापूर व अचलपूर यांस जोडणारी ही ‘शकुंतला’ अंजनगांवावरून जात असे. मँचेस्टर येथें १९२१ सालीं बांधलेलें तिचें वाफेचें इंजिन १९२३ पासून सत्तर वर्षे राबलें आणि १५ एप्रिल १९९४ रोजीं त्याची जागा डिझेल इंजिनानें घेतली. आज त्या रुळांवर गाडी धांवत नाहीं; परंतु तिची शीळ ऐकलेलीं माणसें अद्याप आपणांत आहेत.

वाफेच्या इंजिनांत चालकाच्या हातीं एक दांडा असतो. तो ओढला कीं बॉयलरमधील वाफ सिलिंडरांत जाते. दांडा एकाएकीं ओढल्यास चाकें जागच्या जागीं घसरतात, अथवा वाफेबरोबर पाणीहि सिलिंडरांत शिरतें. बॉयलरच्या पाण्यांत क्षार साचले तर फेंस येऊन हा दुसरा दोष बळावतो. खारपाण पट्ट्याच्या शेजारीं राहणाऱ्या आपणांस खाऱ्या पाण्याचा गुण निराळा सांगावयास नको. अशा वेळीं दांडा निर्दोष असतो आणि व्याधि पाण्यांत असते. दोष जेथें दिसतो तेथेंच तो असतो असें नव्हे, हा या इतिहासांतील पहिला धडा होय.

पुढें पेट्रोलचीं इंजिनें आलीं. १८९३ च्या सुमारास विल्हेल्म मायबाख या जर्मन यंत्रज्ञानें पेट्रोलचा सूक्ष्म फवारा हवेंत मिसळणारा कार्ब्युरेटर सिद्ध केला. तेव्हांपासून मूठ वाफेऐवजीं हवेची वाट उघडूं लागली. त्या वाटेंतील लहानशा झडपेसच थ्रॉटल म्हणतात. नॉर्वेंत जन्मलेल्या ओले एव्हिन्रूड यानें १९०९ सालीं अमेरिकेंतील मिलवॉकी येथें नौकेच्या पाठीमागें अडकविण्याची मोटर विक्रीस आणली. उन्हाळ्यांत होडी वल्हवीत आइसक्रीम आणतांना तें वितळून गेलें, तेव्हां त्यास ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. ती मोटर अवघ्या दीड अश्वशक्तीची होती.

ख्रिस्तसभेसहि अशा वाहनांचें महत्त्व लवकरच कळलें. १९२५ सालीं आफ्रिकेंत फादर ओटो फुरमान हे मिशनरी वेळेवर वैद्यकीय मदत न मिळाल्यामुळें मरण पावले. त्यांचे मित्र फादर पाउल शुल्टे यांनीं त्या दुःखांतून १९२७ सालीं ‘मिवा’ ही संस्था स्थापिली. मिशनऱ्यांस मोटारी, नौका व विमानें पुरवावीं, हा तिचा हेतु. वाहन वेळेवर पोहोंचणें हें प्राणाचें मोल आहे, हें त्या एका मृत्यूनें शिकविलें.

पण नुसतें वाहन मिळून भागत नाहीं. त्यानें हाताचें ऐकलें पाहिजे. आरंभींच्या मोटरींत ठिणगीची वेळ मागेंपुढें करणाऱ्या दांडीनें वेग बदलावा लागे. पुढें एकाच मुठीनें ठिणगी व हवा दोन्ही चालूं लागल्या. त्यांचा मेळ चुकला, कीं मूठ उघडतांच मोटर गुदमरते. अशा वेळीं जाणते कारागीर एका क्रमानें चौकशी करितात. प्रथम मोटर बंद ठेवून झांकण काढावें, एकानें मूठ फिरवावी आणि दुसऱ्यानें झडप पूर्ण उघडते कीं नाहीं तें पाहावें. खाऱ्या हवेनें गंजलेली किंवा सैल पडलेली तार येथेंच पकडली जाते. मोटर मंद गतीनें नीट चालून वेग देतांच मरत असेल, तर इंधन कमी पडत असण्याचा संशय घ्यावा. टाकीच्या झांकणावरील हवेचा स्क्रू बंद राहिला आहे काय, गाळणीत कचरा वा पाणी आहे काय, हें तपासावें. त्या स्थितींत इंधनाच्या नळीवरील रबरी फुगा दाबतांच मोटर सावरली, तर दोष पंपांत किंवा त्याच्या मागील वाटेंत आहे. मूठ उघडतांच क्षणभर अडखळून मग ती वेग घेत असेल, तर कार्ब्युरेटरचीं बारीक छिद्रें पाहावीं. तेंहि ठीक असेल तर स्पार्क प्लग तपासावे. मोटर गर्जते पण नौका पुढें जात नाहीं, असें झाल्यास थ्रॉटलला बोल न लावितां पंख्याकडे वळावें.

अलीकडील मोटरींत कार्ब्युरेटर जाऊन संगणक आला आहे. मोटर फार तापली, तर तो स्वतःच वेग कमी करितो. तेथें आज्ञा न पाळणें हेंच यंत्राचें शहाणपण असतें. मूठ अधिक पिळणारा मनुष्य मात्र त्यास बिघाड समजतो.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. ऑगस्ट २०१८ मध्यें केरळांत महापूर आला, तेव्हां तेथील कोळी बांधवांनीं आपल्या नौका व मोटरी ट्रकांवर चढवून समुद्रापासून दूर गांवोगांवीं नेल्या. त्यांत आपले कॅथलिक बंधु पुष्कळ होते. सरकारी आंकड्यांप्रमाणें त्यांनीं सुमारें ६५,००० माणसें वांचविलीं. बुडालेल्या भिंती आणि विजेचे खांब यांमधून नौका नेतांना मुठीच्या किंचित् फिरविण्यास मोटरीनें किंचितच उत्तर द्यावें लागतें. तेथें ती अडखळली तर प्रवाह कोणाची वाट पाहत नाहीं. त्यांच्या मोटरी रोजच्या कामांतल्या होत्या, म्हणून हांकेस धांवल्या. वर्षभर कुलुपांत ठेवलेल्या मोटरीची गोष्ट निराळी. तिच्यांतील जुनें पेट्रोल चिकट होऊन छिद्रें बुजवितें. शिवाय आतां आपल्या देशांतील पेट्रोलमध्यें २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें पाणी शोषून घेतें आणि पाणी अधिक झाल्यास त्यासह टाकीच्या तळाशीं बसतें. पूर्णा व वर्धा या आपल्याहि नद्यांना पूर येतात. पुराच्या दिवशीं मोटर तपासूं लागणें म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणणें होय. ती आषाढापूर्वींच ताज्या इंधनानें चालवून पाहावी.

धर्मबंधुभगिनींनो, हा क्रम आम्हांस पापनिवेदनापूर्वींच्या आत्मपरीक्षणासारखा वाटतो. घरांत मुलगा ऐकत नाहीं, धर्मग्रामांत एखादें कुटुंब मिस्साबलिदानास येईनासें होतें, आणि आम्ही मूठ अधिक जोरानें पिळतों. तार तुटली असेल, वाट बुजली असेल, किंवा कोणी आंतून फार तापलेला असेल, हें आम्ही पाहत नाहीं. धर्मगुरु म्हणून ही चूक आमच्याकडूनहि झाली आहे. ज्युबिलीच्या या वर्षीं मूठ क्षणभर सोडून, झांकण काढून शांतपणें पाहण्याची बुद्धि परमेश्वर आम्हां सर्वांस देवो.