घडविलेलें रान

न्यूयॉर्क शहराच्या मॅनहॅटन बेटाचा नकाशा पाहिला म्हणजे उभ्याआडव्या रस्त्यांच्या चौकटींत एक लांबट हिरवा पट्टा चटकन् नजरेंत भरतो. शहर वाढतां वाढतां मूळच्या रानाचा हा तुकडा कोणा दूरदर्शी पुरुषानें राखून ठेविला असावा, असें पाहणारास वाटतें. वस्तुस्थिति अगदीं उलट आहे. सेंट्रल पार्कमधील खडक तेवढे मूळचे. तळीं खणलेलीं, त्यांतलें पाणी शहराच्या नळांचें, बरीचशी माती शेजारच्या न्यूजर्सीहून आणलेली, आणि झाडी बहुतेक हातानें लावलेली.

१८११ सालीं त्या बेटाच्या वाढीचा जो आराखडा ठरला, त्यांत उद्यानांस जागा फार थोडी होती. बेटास समुद्राच्या भुजांनीं वेढलें असल्यामुळें मोकळ्या हवेची उणीव भासणार नाहीं, असा आराखडा करणारांचा युक्तिवाद होता. १८२० सालीं सव्वा लाखाच्या आंत असलेली वस्ती १८५० पर्यंत पांच लाखांवर गेली, तेव्हां या युक्तिवादांतला पोकळपणा उघड झाला. हवा खावयास व वनभोजनास कुटुंबेंच्या कुटुंबें ब्रुकलिनमधील ग्रीनवुड दफनभूमींत जाऊं लागलीं. जिवंतांनीं सावलीसाठीं मृतांच्या दारीं जावें, ही नगररचनेची शोभा म्हणावयाची! कवि व संपादक ब्रायंट यानें १८४४ सालीं आपल्या पत्रांतून उद्यानाची मागणी केली. १८५३ सालीं राज्याच्या विधिमंडळानें जागा घेण्यास मान्यता दिली. आणि १८५८ सालीं स्पर्धेंत ३३ आराखडे आले. त्यांतला शेवटचा, फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड व इंग्रज वास्तुकार कॅल्व्हर्ट वॉक्स या दोघांचा, पहिला ठरला.

त्यांचें खरें यश शोभेच्या बागांत नाहीं. तें चार रस्त्यांत आहे. उद्यान इतकें लांब कीं त्यांतून आडवे रस्ते न्यावेच लागणार, व तसे निदान चार असावे अशी स्पर्धेची अटच होती. इतर बहुतेकांनीं ते जमिनीवरूनच आंखले. या दोघांनीं मात्र ते सुमारें आठ फूट खोल खंदकांत उतरविले आणि वरून पूल टाकून उद्यान अखंड ठेविलें. एक रस्ता तर खडक फोडून बोगद्यांतून नेला. त्या वेळीं भोंवतालीं फारशी वस्ती नव्हती. परंतु एके दिवशीं चारहि बाजूंनीं इमारती उभ्या राहतील, ओझ्याच्या गाड्यांचा खडखडाट रात्रंदिवस चालेल, आणि रात्रीं उद्यानाचे दरवाजे बंद झाले तरी ही वाहतूक थांबवितां येणार नाहीं, हें त्यांनीं आधींच ओळखलें. आज मोटारी व बसगाड्या त्याच खंदकांतून धांवतात, आणि वरच्या हिरवळीवर बसलेल्यांस त्या दिसत नाहींत. आंतहि गाडीवाट, घोडेवाट व पाऊलवाट निराळ्या करून त्या पुलांच्या साहाय्यानें एकमेकींवरून नेल्या आहेत. कारागिरी लपविणें हीच येथली कारागिरी होय.

लपविण्याच्या या कलेला दुसरीहि एक बाजू आहे. जेथें उद्यान व्हावयाचें तेथें सुमारें सोळाशें माणसें राहत होतीं. वर्तमानपत्रांनीं त्यांस उपरे व झोंपडीवाले ठरविलें, आणि तें पुष्कळ वर्षें खरें मानलें गेलें. पण ८२ ते ८९ क्रमांकांच्या रस्त्यांच्या दरम्यान सेनेका व्हिलेज नांवाचें एक रीतसर गांव होतें. १८२५ सालीं अँड्र्यू विल्यम्स या कृष्णवर्णीय तरुणानें तेथें जमिनीचे तीन तुकडे १२५ डॉलरांस विकत घेतले. मागोमाग इतर आले. १८५५ पर्यंत सुमारें सव्वादोनशें वस्ती, तीन चर्चें व एक शाळा झाली. रहिवाशांपैकीं दोन-तृतीयांश कृष्णवर्णीय, बाकीचे बहुतेक आयरिश. या जमिनीला पैशाहून निराळी किंमत होती. २५० डॉलरांची मालमत्ता असल्याखेरीज कृष्णवर्णीय पुरुषास त्या राज्यांत मत देतां येत नसे. गोऱ्यांस ही अट नव्हती. तेव्हां सरकारनें सक्तीनें जमीन घेऊन मोबदला दिला, तरी शेजार आणि मताचा आधार यांचा मोबदला कोण देणार? १८५७ अखेर तेथें कोणी उरलें नाहीं.

उद्यान सर्वांसाठीं, असें सांगितलें जात होतें. परंतु आरंभीं तें खऱ्या अर्थानें गाडीवाल्या श्रीमंतांचें होतें. मजुरांची वस्ती दूर दक्षिणेस. येण्याचें भाडें परवडणें कठीण. शिवाय बहुतेक हिरवळीवर पाऊल टाकण्यास मनाई, आणि दुकानदारानें आपल्या मालाच्या गाडींत कुटुंब बसवून आणण्यासहि मनाई! लोकांनीं हळूहळू हे नियम मोडीत काढले, व उद्यान खरोखर सार्वजनिक झालें, तें पुष्कळसें त्यांच्याच चिकाटीनें.

सेनेका व्हिलेजच्या जागीं २००१ सालीं फलक लागला. २०११ सालीं पुराणवस्तुसंशोधकांनीं तेथें खणून पाहिलें, तेव्हां चर्चच्या एका सेवकाच्या घराचा दगडी पाया लागला. ज्यांस झोंपडीवाले म्हटलें गेलें, त्यांच्या त्या घरांत चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे, चहाची लोखंडी किटली, आणि चामड्याच्या जोड्याचा एक तळ निघाला.