पिक्चर हाउस, कॅम्पबेलटाउन

स्कॉटलंडच्या किंटायर द्वीपकल्पावरील कॅम्पबेलटाउन या बंदरगावात 1913 साली सुरू झालेले ऐतिहासिक चित्रपटगृह. आराखडा वास्तुकार ए. व्ही. गार्डनर यांचा, दर्शनी भाग ग्लासगो शैलीचा (पहा : मॅकिन्टॉश, चार्ल्स रेनी). 1935 मध्ये गार्डनर यांनीच प्रेक्षागृह नव्याने सजवले. भूमध्यसागरी गावातल्या अंगणात, मोकळ्या आकाशाखाली बसल्याचा भास व्हावा म्हणून पडद्याच्या दोन्ही बाजूंना गिलाव्याची छोटी घरे उभारली. ही सजावट दुर्मिळ आहे आणि वास्तू वारसा-यादीत सर्वोच्च श्रेणीत आहे.

दूरचित्रवाणी (पहा) आल्यानंतर प्रेक्षक घटले, तेव्हा 1980 च्या दशकात स्थानिक संस्थेने ते चालवायला घेतले. पुढे राष्ट्रीय लॉटरीच्या वारसा निधीच्या साहाय्याने जीर्णोद्धार होऊन 2017 मध्ये ते पुन्हा उघडले. या कामातला निर्णायक भाग रंगकामाइतकाच नव्याने जोडलेला दुसरा छोटा पडदा आहे. वितरक नवा चित्रपट अनेक आठवडे चालवण्याची अट घालतात आणि लहान गावातला प्रेक्षक काही दिवसांतच संपतो. दुसऱ्या पडद्यावर वेगळा चित्रपट लावता येत असल्यामुळे ही कोंडी सुटते. सुमारे 5,000 वस्तीसाठी एवढा सार्वजनिक खर्च का, हा आक्षेप रास्त वाटतो. पण चित्रपटासाठी ग्लासगोला जायचे तर ते रस्त्याने 200 किमी.हून दूर आहे. सभागृह किंवा दुकाने करणे स्वस्त पडले असते, हेही खरे. मात्र पडद्याविना त्याच्या दोन्ही बाजूंच्या गिलाव्याच्या घरांना अर्थ उरत नाही. जुन्या चित्रपटगृहाचे खरे जतन त्याचा मूळ उपयोग चालू ठेवण्यातच आहे (पहा : वास्तुवारसा).