उताराचा खेळ आणि चित्रफितीची साक्ष

चाके लावलेल्या फळीवर उभे राहून उतार उतरण्याच्या खेळाचा इतिहास लेखी साधनांपेक्षा चित्रफितींतूनच अधिक हाती लागतो. नोएल ब्लॅक यांच्या ‘स्केटरडेटर’ (१९६५) या संवादविरहित लघुपटास १९६६ साली कान महोत्सवात लघुपटांचा सर्वोच्च पुरस्कार लाभला. त्याच वर्षीच्या ‘रुली-रुलाँ’मध्ये क्लोद ज्युत्रा यांनी माँट्रियलच्या मुलांच्या फळ्या जप्त करणारे पोलीसही टिपले. पहिल्यात खेळाचा आनंद आहे, दुसऱ्यात रस्त्यावरील हक्काचा वाद. चित्रफीत ही केवळ करमणूक नव्हे, तर साक्षही होय. पुढे फ्रँक नॅसवर्दी यांनी प्रचारात आणलेल्या युरेथेनच्या चाकांमुळे रस्त्यावर पक्की पकड मिळू लागली आणि १९७५ साली कॅलिफोर्नियातील सिग्नल हिल येथे उताराच्या शर्यती सुरू झाल्या.

मात्र या साक्षीलाही मर्यादा आहेत. कॅमेरा वेग दाखवितो. वळणापलीकडे वाहनांवर लक्ष ठेवणारा सोबती चौकटीबाहेरच राहतो.

महाराष्ट्रातील मुलांनीही फळीला जुन्या बेअरिंगची चाके बसवून गाड्या केल्या व त्या उतारावरून सोडल्या. त्यांचे चित्रण क्वचितच झाले. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याच्या १८८४ च्या गॅझेटियरात घाटवाटांचा तपशील सापडतो. परंतु अकोले-संगमनेरच्या उतारांवर पुढे कोणते खेळ रंगले, हे वृद्धांच्या स्मृतीतच शोधावे लागेल. ती पिढी मावळण्यापूर्वी हे कार्य न झाल्यास, जे चित्रित झाले तेवढेच घडले, हा भ्रम इतिहास म्हणून रूढ होईल.