मेळघाट : मचाण, पायवाट आणि रानपिंगळा

वऱ्हाडची काळी, सपाट शेते उत्तरेकडे जेथे संपतात, तेथून सातपुड्याची गाविलगड रांग सुरू होते. अनेक घाट जेथे एकत्र येतात तो मेळघाट. खंडू, खापरा, सिपना, गाडगा आणि डोलार या पाच नद्या या डोंगरांतून वाहतात आणि सर्व तापीला मिळतात. बाहेरच्या वाचकाला मेळघाट हे नाव १९९३पासून गाजलेल्या बालमृत्यूंच्या बातम्यांमुळे परिचित असते. वन्यजीव अभ्यासकांसाठी मात्र ते देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एकाचे नाव आहे. एकाच अरण्याची ही दोन्ही रूपे खरी आहेत आणि तेथे पायी फिरणाऱ्या पर्यटकाला ती दोन्ही दिसतात.

प्रकल्पाची ओळख

मेळघाट व्याघ्र प्रकल्पाची स्थापना १९७४ साली झाली. त्यातील सुमारे ३६१ चौरस किलोमीटरच्या क्षेत्राला १९८७ साली गुगामल राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. अकोला जिल्ह्यातील नरनाळा, बुलडाणा जिल्ह्यातील अंबाबरवा आणि त्यांना लागून असलेले वान ही अभयारण्येही आज या प्रकल्पाचाच भाग आहेत. गाभा आणि बफर क्षेत्र मिळून प्रकल्पाचा विस्तार २,७०० चौरस किलोमीटरहून अधिक आहे. चिखलदऱ्याजवळचे वैराट हे येथील सर्वोच्च ठिकाण असून त्याची उंची ११७८ मीटर आहे.

जंगल शुष्क पानझडीचे आहे. साग हा प्रमुख वृक्ष. त्याच्या जोडीला ऐन, धावडा, तिवस, मोह आणि बांबू. जमीन उतारांची आणि खोल दऱ्यांची असल्यामुळे ताडोबाप्रमाणे तळ्याकाठी पहुडलेला वाघ येथे सहसा दिसत नाही. केवळ वाघासाठी आलेला पर्यटक म्हणूनच अनेकदा हिरमुसला होऊन परततो. जंगलाच्या खाणाखुणा वाचण्यास शिकणाऱ्यासाठी मात्र मेळघाटसारखी दुसरी शाळा नाही.

काय पाहाल?

रानगवा हा मेळघाटचा मानबिंदू. सांबर, भेकर, चौसिंगा, नीलगाय, अस्वल, बिबट्या, रानकुत्रे आणि उडती खार यांचेही येथे वास्तव्य आहे. १९९०-९१च्या सुमारास गाडगा आणि डोलार नद्यांच्या डोहांत मगरी सोडण्यात आल्या होत्या.

पक्षीप्रेमींना मात्र ओढ असते ती रानपिंगळ्याची. जेमतेम वीतभर उंचीच्या या घुबडाची कथा विलक्षण आहे. १८८४नंतर त्याचा खात्रीलायक नमुना मिळाला नव्हता. रिचर्ड माइनर्ट्‌झहागन या इंग्रज संग्राहकाने १९१४ साली गुजरातेत तो मिळवल्याचा दावा केला होता. तो नमुना जुन्या संग्रहातून चोरून, नव्याने शिवून सादर केलेला असल्याचे पुढे उघड झाले. खोटी नोंद बाजूला सारल्यावर शोधाची दिशा बदलली आणि नोव्हेंबर १९९७मध्ये पामेला रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांना खानदेशात शहाद्याजवळ हा पक्षी जिवंत आढळला. त्यानंतर झालेल्या पाहण्यांत मेळघाट हे त्याचे एक महत्त्वाचे आश्रयस्थान असल्याचे स्पष्ट झाले.

इतर घुबडांप्रमाणे रानपिंगळा केवळ निशाचर नाही. हिवाळ्यातील सकाळी सागाच्या निष्पर्ण फांदीवर तो ऊन खात बसलेला दिसू शकतो. गावाजवळ आढळणाऱ्या साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ एकरंगी असते आणि छातीवर गडद पट्टा असतो. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून त्याला बोलावण्याचा मोह टाळलेला बरा. विणीच्या काळात अशा आवाजाने नर विचलित होतो आणि घरट्याची राखण सुटते.

पायवाटेवरची अक्षरे

गाभा क्षेत्रात परवानगीविना पायी फिरता येत नाही. जेथे निसर्गवाटेस परवानगी आहे, तेथे स्थानिक मार्गदर्शकासह जावे लागते. हे मार्गदर्शक बहुधा कोरकू असतात. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा आहे. संताळी आणि मुंडारी या तिच्या दूरच्या बहिणी होत. नाल्याच्या ओल्या रेतीतील ठसा, सालीवरचे नखांचे ओरखडे, वारूळ उकरून गेलेले अस्वल या साऱ्यांचा अर्थ मार्गदर्शक चालता चालता उलगडतो.

कानांनाही तेवढेच काम असते. उंच झाडावर बसलेले वानर खेकसू लागले, भेकर कुत्र्यासारखे भुंकले किंवा सांबराचा खणखणीत ‘ढोंक’ ऐकू आला, तर जवळपास वाघ किंवा बिबट्या असण्याची शक्यता असते. त्यातही सांबराचा इशारा अनुभवी माणसे अधिक विश्वासार्ह मानतात. वानर कधी कधी उगाच घाबरते.

पायी चालणाऱ्याला खरा धोका वाघापेक्षा अस्वलापासून असतो. अस्वलाची नजर अधू असते आणि अचानक समोरासमोर आल्यास ते पळण्याऐवजी अंगावर येते. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले गळतात, तेव्हा पहाटेच्या वेळी माणूस आणि अस्वल दोघेही एकाच झाडाखाली येतात. या काळात दाट झुडपांतून एकट्याने जाणे धोक्याचे आहे.

मचाणावरची रात्र

बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याकाठच्या मचाणावर बसून प्राणी मोजण्याची प्रथा विदर्भात जुनी आहे. उन्हाळ्यात नाले आटतात, मोजकेच पाणवठे उरतात आणि चांदण्यामुळे प्राणी ओळखता येतात, हा त्यामागील साधा तर्क. पण एकच प्राणी दोन पाणवठ्यांवर येऊ शकतो आणि एखादा त्या रात्री पाण्यावर फिरकतही नाही. त्यामुळे व्याघ्रगणनेचे काम २००६पासून दर चार वर्षांनी होणाऱ्या राष्ट्रीय पाहणीकडे गेले. त्यात स्वयंचलित कॅमेऱ्यांनी टिपलेल्या पट्ट्यांवरून प्रत्येक वाघ वेगळा ओळखला जातो. मचाणावरची रात्र आता ‘निसर्गानुभव’ म्हणून उरली आहे. तिच्यासाठी वनविभागाकडे आगाऊ नोंदणी करावी लागते.

या रात्रीचे नियम थोडे, पण कडक आहेत. दुपारी उन्हातच मचाणावर चढावे लागते आणि सकाळपर्यंत खाली उतरता येत नाही. अत्तर, तंबाखू, भडक कपडे आणि विजेरीचा झोत वर्ज्य. कोरडे खाणे, भरपूर पाणी आणि अंगावर घेण्यास चादर पुरेशी होते. मे महिन्यातही डोंगरात पहाटे गारवा असतो. बहुतेकांच्या वहीत रानडुक्कर, सांबर, मोर आणि ससा एवढ्याच नोंदी होतात. अस्वल किंवा गवा आला तर रात्र सार्थकी लागली असे समजावे.

गाव उठले, गवत आले

मेळघाटच्या कोणत्याही माहितीत पुनर्वसनाचा उल्लेख अटळ आहे. २०००च्या दशकाच्या आरंभी बोरी, कोहा आणि कुंड ही गावे गाभा क्षेत्राबाहेर हलविण्यात आली. पुढे वैराट, चुर्णी, धारगड, गुल्लरघाट, सोमठाणा आदी गावेही उठली. २००८पासून राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या योजनेत प्रत्येक कुटुंबाला दहा लाख रुपये मिळू लागले. २०२१मध्ये ही रक्कम पंधरा लाख करण्यात आली.

जेथे शेती होती तेथे आज गवताची कुरणे आहेत. गवे आणि सांबरांचे कळप पाहण्यासाठी पर्यटकांच्या गाड्या याच कुरणांपाशी थांबतात. दुसरी बाजू अशी, की अकोट तालुक्याच्या सपाटीवर वसविलेल्या अनेक कुटुंबांना तेथील उष्मा, शेतजमिनीचा प्रश्न आणि रोजगाराची चणचण जाचली. काही कुटुंबे जुन्या गावठाणांकडे परतली आणि जानेवारी २०१९मध्ये त्यांचा वनकर्मचारी व पोलिसांशी संघर्षही झाला. समोरच्या कुरणात गवा दिसतो, त्यामागे कोणाचे तरी घर उठलेले आहे, याचे भान पर्यटकाला असावे. स्थानिक मार्गदर्शक घेणे, गावातील निवासात राहणे आणि तेथेच जेवणे एवढे तरी त्याच्या हाती आहे.

कोठे राहाल?

जंगलात कोठेही तंबू ठोकण्यास परवानगी नाही; वनविभागाच्या संकुलांतच मुक्काम करावा लागतो. सेमाडोह येथे कुट्या, सामुदायिक निवास आणि निसर्ग परिचय केंद्र आहे. तेथून सुमारे १५ किलोमीटरवर सिपना नदीच्या वळणावर कोलकासचे विश्रामगृह आहे. अकोला जिल्ह्याच्या बाजूने शहानूर हे प्रवेशद्वार सोयीचे असून तेथूनच नरनाळा किल्ल्याचा घाट चढतो. नक्षीकाम आणि शिलालेख असलेला तेथील महाकाली दरवाजा आवर्जून पाहावा. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानला जातो. या काळात शेकोटी तर नाहीच, पेटती विडीही गुन्ह्यास कारण ठरू शकते.

कसे व कधी जाल?

मुंबई-नागपूर लोहमार्गावरील बडनेरा आणि अकोला ही जवळची मोठी स्थानके. अमरावतीहून परतवाडामार्गे सेमाडोह किंवा चिखलदरा गाठता येते. अकोल्याहून अकोटमार्गे शहानूरला जावे. अकोट-धुळघाट दरम्यान जंगलातून वळणे घेत जाणारी मीटरगेज गाडी आता धावत नाही. पक्ष्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी, प्राण्यांसाठी एप्रिल-मे योग्य. पावसाळ्यात गाभा क्षेत्रातील सफारी बहुतांशी बंद असते. त्या वेळी चिखलदऱ्याचे धुके आणि धबधबे पाहावेत.

एवढा प्रवास शक्य नसल्यास अमरावतीजवळचे पोहरा-मालखेड जंगल किंवा अकोला-वाशीमच्या सीमेवरील काटेपूर्णा अभयारण्य सुरुवातीसाठी उत्तम. द्विनेत्री, वही, पायभर बूट आणि मातकट रंगाचे कपडे एवढी तयारी पुरते. प्लॅस्टिकची प्रत्येक पिशवी आणि बाटली जंगलातून परत आणणे हा नियम मात्र सर्वत्र सारखाच लागू आहे.